आठ आकडी संख्या कॅल्क्युलेटरशिवाय कशी फोडायची

संख्या घेऊ ७,३५,१३,४४०. एवढा आकडा दिसला की बरेच जण २ने भागत सुटतात, निम्मी, परत निम्मी, पानभर भागाकार होतात आणि मधेच कुठेतरी बाकी चुकते नि सगळं पाण्यात. आधी १००१ची कसोटी लावा, माझ्या मते शाळेत हीच पहिली शिकवायला पाहिजे.

७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे एका फटक्यात तीन मूळ संख्यांचा निकाल. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा (लाख-कोटीचे स्वल्पविराम इथे विसरायचे), ७३, ५१३, ४४०. आता शेवटून अधिक-वजा करत या, ४४० − ५१३ + ७३, आलं शून्य! म्हणजे तिघांनीही भाग जातो. दरवेळी शून्यच येईल असं नाही हां, जे येईल त्याला ७, ११, १३ने वेगवेगळं तपासायचं, समजा ९१ आलं तर ७ आणि १३ने जातो, ११ने नाही. इथे तर भागाकारही मांडायला नको, मधला गट दोन्ही बाजूंच्या बेरजेइतकाच आहे ना, मग तो गाळून ७३ आणि ४४० शेजारी ठेवले की ७३,४४०, हेच उत्तर. पटत नसेल तर १००१ने गुणून ताळा करा.

आता काम सोपं झालं. १० बाहेर काढा, उरले ७,३४४. शेवटच्या ३४४ला ८ने भाग जातो म्हणून ८ने भागा, ९१८. त्याचे निम्मे ४५९, म्हणजे २७ × १७. एकूण हिशोब: २ पाच वेळा, ३ तीन वेळा आणि ५, ७, ११, १३, १७ एकेकदा.

विभाजक किती हे मोजत बसू नका, प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा (तो अवयव अजिबात न घेणं हाही एक पर्याय असतो म्हणून १), ६ × ४ × २ × २ × २ × २ × २ = ७६८. १० कोटींच्या आत याहून जास्त विभाजक असलेली एकही संख्या नाही!! त्यांची बेरीज हवी तर १+२+४+८+१६+३२ = ६३, १+३+९+२७ = ४०, बाकीच्यांत नुसता १ मिळवा आणि सगळं गुणा, ६३ × ४० × ६ × ८ × १२ × १४ × १८ = ३६,५७,८३,०४०. यातून आपली ७,३५,१३,४४० वजा केली तरी उरतं ते तिच्या जवळजवळ चौपट.

पूर्ण वर्ग आहे का? नाही, सगळे घातांक विषम आहेत. पण सातही मूळ संख्या एकेकदा काढून घेतल्या की उरतो १४४, म्हणजे ही संख्या ५,१०,५१० × १४४.

अजून एक, देवळालीच्या कापरेकर मास्तरांची हर्षद संख्या, आकड्यांच्या बेरजेनेच भाग जाणारी. इथे ७+३+५+१+३+४+४+० = २७, आणि ३ तीन वेळा आहे म्हणजे २७ने भाग जातोच, तेव्हा ही हर्षद. फक्त बेरीज २७ आली म्हणून लगेच हो म्हणू नका, ९,९८१चीही बेरीज २७ येते पण तिला ९ने भाग जातो, २७ने नाही.