मिसळ म्हटलं की मिसळच नसते: ऑनलाइन पझल हंटमध्ये या चुका टाळा

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की आमचा पाच जणांचा कॉल सुरू होतो. दोघं कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एक तिथल्याच शिवाजी पेठेत, एक पुण्यात आणि एक बंगळूरला. पझल हंट म्हणजे संघानं मिळून बरीच कोडी सोडवायची आणि त्यांच्या उत्तरांतून एक अंतिम उत्तर शोधायचं. मागच्या हंटची कोडी पुण्याच्या मित्राच्या ऑफिसमधल्या मंडळींनी बनवली होती. त्यातला एक क्लू असा:

सकाळी उठवायला गरजेची मिसळ (३)

कोल्हापूरच्या माणसाला यात कट, शेव आणि पावच दिसणार. आम्ही वीस मिनिटं मिसळीच्या दुकानांची तीन अक्षरी नावं आठवत बसलो. उत्तर होतं गजर. ‘मिसळ’ म्हणजे अक्षरं मिसळा. कशाची? ‘गरज’ची. आणि सकाळी उठवायला लागतो तो गजरच.

क्लू वाक्य म्हणून वाचणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सरावलेली माणसंही ती करतात. अशा क्लूचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्यात शब्दांचा खेळ. सरळ अर्थ क्लूच्या सुरुवातीला असतो किंवा शेवटी, मध्ये कधीच नसतो. म्हणून क्लू कागदावर उतरवून घ्या आणि शब्दांच्या मध्ये उभी रेघ मारून बघा. रेघ एकेक शब्द पुढे सरकवत न्या. वाक्याला जो गुळगुळीत अर्थ असतो तो तुम्हाला भुलवण्यासाठीच असतो, रेघ मारली की तो तुटतो.

‘वार उलटला आणि शिऱ्याला लागला’ (२). वाचताना हाणामारी दिसते. पण ‘वार’ उलटा वाचला की रवा, आणि शिऱ्याला तोच लागतो. उलटला, फिरला, परतला हे शब्द अक्षरं उलट वाचायला सांगतात. कालवाकालव, गोंधळ, मोडतोड दिसली की अक्षरांची अदलाबदल. पोटात, आड, लपून असं काही आलं की शेजारच्या शब्दांतच उत्तर दडलेलं आहे का ते तपासा.

आता हा बघा: ‘गरिबाला आवर घाला, संध्याकाळी फिरायची जागा मिळेल’ (३). आमच्यातल्या एकानं लगेच ‘उद्यान’ टाकलं. तीन अक्षरं आहेत, फिरायची जागाही आहे. उत्तर चुकलं. कारण ‘गरिबाला आवर घाला’ या शब्दांचा हिशेब त्यात लागतच नव्हता. गरीब म्हणजे रंक, आवर म्हणजे आळा, दोन्ही जोडून रंकाळा. रोज ज्या तळ्यावर फिरतो ते नाव सापडायला आम्हाला पाऊण तास लागला. उत्तर अर्ध्या क्लूला बसलं तर ते बसलेलं नाही, असं धरूनच चाला. एकही शब्द शिल्लक राहता कामा नये.

मराठीत आणखी एक अडचण येते ती प्रत्ययांची. क्लूमध्ये ‘गरजेची’ असतं, खेळ ‘गरज’शी असतो. ‘गरिबाला’ असतं, हवा असतो ‘गरीब’चा समानार्थी शब्द. प्रत्यय काढून मूळ शब्द बाजूला लिहायची सवय लावून घ्या. ‘गरजेची’ ही अक्षरं उलटसुलट करण्यात आमचा बराच वेळ गेला होता.

अक्षरं शीटला मोजायला लावणं

कंसातला आकडा मराठी क्लूमध्ये अक्षरांचा असतो. रंकाळा तीन, कोल्हापूर चार, ज्योतिबा तीन. संघ उत्तरं लिहितो त्या स्प्रेडशीटमध्ये लांबी मोजायचं सूत्र टाकलंत तर तेच शब्द सहा, नऊ आणि आठ येतात, कारण संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो. त्यामुळे बरोबर उत्तर ‘बसत नाही’ म्हणून खोडलं जातं. मोजणी बोटावरच करा.

उत्तर बरोबर असूनही ते टाइप करायची चौकट नाकारते तेव्हा आधी ऱ्हस्व-दीर्घ बघा, मग शेवटी राहिलेली रिकामी जागा. ‘ऱ्य’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. चिकटवलेला शब्द पुसून हातानं पुन्हा टाइप करा.

आकडे दिसले की मिळेल त्या डिकोडरमध्ये टाकणं

आधी आकड्यांकडे नुसतं बघा. सगळे २६ च्या आत असतील तर बहुधा इंग्रजी वर्णमाला. ६५ ते ९० मध्ये असतील तर संगणकाची मोठी इंग्रजी अक्षरं. २३०० च्या पुढचे असतील तर देवनागरीचे युनिकोड क्रमांक, त्यात ‘क’ २३२५ वर आहे. सहा-सहा ठिपक्यांचे गट म्हणजे ब्रेल. कोडं बनवणारा संस्कृत शिकलेला असेल तर अक्षरांना अंक देणारी जुनी पद्धत, कटपयादीही निघू शकते, तिच्यात क, ट, प, य या चारींची किंमत १. सीझर सायफर, म्हणजे प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवलेलं, असेल तर इंग्रजीत फक्त २५ सरकवण्या होतात, त्या सगळ्या करून बघायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत काही निघालं नाही तर तो विषय सोडा.

फसलेले प्रयत्न न लिहिणं

कॉलवर पाच जण बोलत असतात आणि तीच कल्पना तासाभरात तीनदा येते. शीटमध्ये प्रत्येक कोड्याला ‘करून पाहिलं’ असा एक रकाना ठेवा आणि चुकलेली उत्तरंही त्यात लिहा. एका कोड्यावर दोघांपेक्षा जास्त नकोत. अर्धा तास काहीच हललं नाही तर जोडी बदला. नवा माणूस पहिल्यांदा क्लू मोठ्यानं वाचतो, आणि बऱ्याचदा त्या वाचण्यातच गाठ सुटते. हिंट मिळत असेल तर घ्या, पण आधी कुठवर पोचलात ते नीट सांगा म्हणजे नेमकी अडलेली जागा उघडते.

शीर्षक वाचून विसरणं

अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाचा मिस्टरी हंट १९८१ पासून दर जानेवारीत होतो, आणि जिंकणारा संघ पुढच्या वर्षीची कोडी बनवतो. कोड्याचं नाव आणि वरच्या दोन ओळी हाही क्लूच असतो, ही गोष्ट तिथले संघ गृहीतच धरतात. आम्ही धरली नव्हती.

आमच्या हंटचं नाव होतं ‘संगमावर भेटू’. चार कोडी सुटली होती: कासव, कुंभार, तुळई, भोपळा. अंतिम उत्तराची चौकट समोर होती आणि आम्ही पाचवं कोडं कधी उघडतंय याची वाट बघत होतो. पान पुन्हापुन्हा रीफ्रेश करत होतो. रात्रीचा दीड वाजला होता. बंगळूरचा मित्र शीट वाचता वाचता सहज पहिली अक्षरं म्हणाला, का, कुं, तु, भो. त्याचं आजोळ प्रयाग चिखलीचं, पंचगंगेच्या संगमावरचं. तो थांबला आणि म्हणाला, “अरे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवं कोडं येणारच नाही, पाचवी नदी गुप्त आहे.”

शिवाजी पेठेतल्या मित्रानं चौकटीत ‘सरस्वती’ टाइप केलं.