साइटवरून दुबईला जायचंय?

सिव्हिल इंजिनिअर असाल तर पहिली दोन-तीन वर्षं बांधकामाच्या साइटवरच काढा. बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) स्वतः बनवा, मोजमाप वहीवरून आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) लावा. क्यूबचं (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचं) रजिस्टर दुसऱ्यावर सोडू नका: ३० घनमीटर काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब, २८ दिवसांनी चाचणी. इथे कच्चा राहिलेला पोरगा मुलाखतीत अडखळतोच. प्रायमाव्हेरा हे प्रकल्प नियोजनाचं सॉफ्टवेअर सोबतीने शिका.

पदवीवर साधारणपणे राज्याचा, परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिराती दूतावासाचा शिक्का लागतो; नुसतं अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारं एकच प्रमाणपत्र) तिथे चालत नाही. पदवी आणि पासपोर्टावरचं नाव जुळत नसेल तर कागद अडकतात, म्हणून दुरुस्ती आधी उरका.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. पावतीशिवाय पैसे देऊ नका.