हाताच्या टर्नटेबलला मोटार जोडताना

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला पूर्वी जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी होता. १:८७ प्रमाणात तो पावणेनऊ मिमी होतो, म्हणून या गाडीच्या मॉडेलला ९ मिमीचे तयार रूळ चालतात. टर्नटेबल म्हणजे इंजिन वळवण्यासाठी गोल खड्ड्यात फिरणारा, रूळ लावलेला पूल. इथे २०० मिमी व्यासाचा खड्डा आणि हाताने फिरवायचा पूल धरला आहे.

मोटारीकडे वळण्याआधी मधला दांडा बघा. पुलाचं टोक बोटाने वर-खाली दाबा. जरा जरी हललं, तर कुठलीही मोटार रूळ जुळवून देणार नाही. ८ मिमीचा सरळ स्टीलचा दांडा आणि ६०८ नंबरच्या दोन बेअरिंग घ्या. थ्रेशर-ट्रॅक्टरच्या बेअरिंग विकणाऱ्या दुकानात विचारा. बेअरिंग थेट प्लायच्या भोकात बसवू नका. पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि दांडा कलतो. लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश कातून घ्या आणि दोन्ही बेअरिंगमध्ये किमान २५ मिमी अंतर ठेवा. प्लायला खालून आणि कडांनाही वॉर्निश मारा. पाणी कडेतूनच आत शिरतं.

मोटार २८बीवायजे-४८ ही स्टेपर, म्हणजे छोट्या ठरावीक पावलांनी (स्टेपने) फिरणारी; सोबत तिला वीज पुरवणारा यूएलएन२००३ ड्रायव्हर आणि कोड चालवणारा छोटा बोर्ड अर्डुइनो नॅनो. ५ ते ८ मिमीच्या कपलरने मोटार खालून जोडा, पण पुलाचं वजन बेअरिंगवरच राहू द्या. या मोटारीच्या एका फेरीला २०४८ स्टेप लिहिलेल्या असतात. बऱ्याच मोटारींचं गिअर प्रमाण मात्र ६४ नसून ६३.६८ असतं, म्हणजे खऱ्या स्टेप सुमारे २०३८. हा फरक धरला नाही, तर दर फेरीला पुलाचं टोक ३ मिमी सरकतं. म्हणून पुलाखाली छोटं चुंबक आणि खड्ड्यात हॉल सेन्सर (चुंबक समोर आलं की कळवणारा) लावा. एक पूर्ण फेरी मारून आपल्या मोटारीच्या स्टेप स्वतः मोजा. हाफ-स्टेपवर (अर्ध्या पावलांनी) चालवली, तर टोकाला एक पाऊल ०.१५ मिमीचं पडतं, तेवढं पुरतं.

गिअरमध्ये ढिलेपणा असतोच. तो काढता येत नाही, टाळता येतो: प्रत्येक रुळाशी नेहमी एकाच बाजूने या. उलट्या बाजूने येताना पूल २० स्टेप पुढे नेऊन परत आणा. मग सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर चाकही अडकेल.

वायरिंगमध्ये जास्त लोक फसतात. पूल अर्धी फेरी फिरला की त्याचे दोन रूळ अदलाबदल होतात आणि गाडी चढताच शॉर्ट होतो. त्यावर उपाय म्हणजे दुभंगलेली रिंग. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेल्या) बोर्डावर ५० मिमी व्यासाची रिंग कापा, समोरासमोर दोन ठिकाणी अडीच मिमीची फट ठेवा आणि दोन्ही अर्ध्यांना रुळाची एकेक वायर द्या. पुलाखाली समोरासमोर दोन पितळी पट्ट्या रिंगवर घासत राहतील. पट्टीची रुंदी दीड मिमीच ठेवा, नाहीतर ती फट ओलांडताना दोन्ही अर्धे जोडेल. पूल रुळाशी जुळलेला असताना पट्टी फटीवर येणार नाही, अशी रिंग वळवून मगच चिकटवा.

पूल थांबला की कोडमध्ये मोटारीच्या कॉइल बंद करा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला चालू कॉइल फार तापते. लोडशेडिंगनंतर वीज आली, की आधी पूल सेन्सरपर्यंत नेण्याची सक्ती कोडमध्येच घाला. कापूस वेचणी चालू झाली, की आठवड्यातून एकदा पूल उचलून दांड्याला गुंडाळलेले रुईचे तंतू चिमट्याने काढा आणि रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.