गुरू-शनीचे फोटो धुरकट येतायत? या चुका टाळा

नवीन टेलिस्कोप घेतला की आठवड्याभरात मेसेज येतो, दादा, गुरू धुरकट येतोय, कॅमेरा बदलू का? नका बदलू. बहुतेक वेळा कॅमेरा चांगलाच असतो, टेलिस्कोपचा आरसा गरम असतो.

10 जानेवारी 2026 ला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, साताऱ्यातून मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर, म्हणजे अशी संधी सोडायची नसते. त्याच आठवड्यात साताऱ्यातल्या गोडोलीत मित्राच्या गच्चीवर जमलो. त्याचा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप, दिवसभर बंद खोलीत होता, जेवणं झाल्यावर साडेनऊला वर आणला आणि लगेच रेकॉर्डिंग सुरू. मी म्हणलं थांब, आरसा निवू दे, तर म्हणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढू. अरे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? वीस व्हिडिओ घेतले आणि प्रत्येकात गुरूवरचे पट्टे पाण्याखाली धरल्यासारखे हलतायत. मग मी एक तारा मुद्दाम फोकसबाहेर नेऊन दाखवला, त्या गोल चकतीत चहाच्या वाफेसारखी एक शेपटी सारखी वर सरकत होती, ती नळीतली गरम हवा. त्यात खालचा स्लॅब दिवसभर तापलेला, तो रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत बसतो. साडेबाराला सगळं उचलून खाली परसात मातीवर मांडलं. तोच टेलिस्कोप, तोच कॅमेरा, आणि एक वाजता लाइव्ह स्क्रीनवरच पट्ट्याची कड आणि त्यातनं निघालेले निळसर फराटे दिसले. तीन तास घाईत गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. दिवस मावळला की टेलिस्कोप बाहेर, झाकणं काढून, आणि मग घरातली कामं, जेवण. आठ इंचीला तास-दीड तास द्याच. पहाटे शूट करत असाल तर शेजारी बंब पेटलाय त्या दिशेला नळी नको.

दुसरी चूक शार्पनिंगची. ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमधनं व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम एकत्र होऊन फोटो निघाला की रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचे स्लायडर पार टोकाला नेतात. गुरूची कड मुळात मधल्या भागापेक्षा मंद असते, ती कापलेल्या नाण्यासारखी टोकदार दिसली किंवा आत अजून एक गोल रेघ उमटली की समजा जास्त झालं, ती रेघ गुरूवर नाही, तुम्ही काढलीय. मी रात्री प्रोसेस केलेलं सकाळी परत उघडतो आणि स्लायडर थोडा मागे घेतो, दरवेळी घ्यावाच लागतो.

बाकीच्या पटकन. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दोन मिनिटांचाच, पाच मिनिटांत डिटेल्स फासले जातात. व्हिडिओ एमपीफोर फॉरमॅटमध्ये नको, एसईआर किंवा एव्हीआयमध्ये. नुसता पांढरा गोळा येत असेल तर एक्सपोजर कमी करा. फोकस गुरूच्या चंद्रावर करा. कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, दर रात्री. पाच एक्स बार्लो (प्रतिमा पाचपट मोठी करणारं भिंग) घेऊ नका, कॅमेऱ्याच्या पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले पाच एवढा एफ रेशो (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) पुरतो, 2.9 मायक्रॉनला साधारण एफ 14.5, म्हणजे एफ 6 च्या डॉबला दोन किंवा अडीच एक्स बास.

शनीची प्रतियुती 21 सप्टेंबर 2025 ला होती, तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग. नोव्हेंबरपर्यंत थांबलं तरी आकारात फार फरक पडत नाही.

आणि थंडीच्या लाटेत आभाळ काचेसारखं स्वच्छ दिसतं पण डोक्यावरचे तारेसुद्धा लुकलुकत असतात, म्हणजे वरची हवा अस्थिर, तशा रात्री मी कॅमेरा लावतच नाही, आयपीस लावून चंद्र बघतो आणि झोपतो.