थर्मल चित्रांवर निरीक्षकांची चाचणी घेताय? या चुका टाळा

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं दाखवायची आणि निरीक्षकाला त्यातली बोट कुठल्या जातीची ते ओळखता येतं का बघायचं, अशी ही चाचणी. दर वर्षी प्रोजेक्टची नवी मुलं तोच घोळ घालतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे निरीक्षक बोट ओळखतोय की मागचा देखावा, हे न तपासणं. एका गटाने ट्रॉलर सगळे गोव्यातल्या मालीम जेटीवर टिपले, फेरीबोटी बेतीच्या धक्क्यावर आणि बार्ज भर मांडवीत. निकाल असा झकास आला की पोरं पेढे आणायला निघाली. मी म्हटलं, थांबा. प्रत्येक चित्रातली बोट काळ्या चौकोनाने झाका आणि नव्या निरीक्षकांना दाखवा. तरीही बहुतेक उत्तरं बरोबर! एकाला विचारलं तर म्हणतो, "सर, जेटीचा खांब दिसला की ट्रॉलर." सगळं शूटिंग पाण्यात. तेव्हापासून कुठलाही संच आला की मी आधी बोटी झाकून बघतो. प्रत्येक जातीची बोट प्रत्येक जागी टिपलेली नसेल तर संच परत.

दुसरी चूक अंदाजाची. चार पर्याय असतील तर डोळे मिटून बटण दाबणाऱ्यालाही २५ टक्के मिळतात. ७० टक्के बरोबर आले तर ७० मधून २५ वजा करा, उरलेल्या ४५ ला ७५ ने भागा. खरी ओळख ६० टक्के. 'सांगता येत नाही' हे बटण तर ठेवूच नका. भित्रा निरीक्षक तेच दाबत बसतो आणि तुम्ही नजरेऐवजी त्याचा स्वभाव मोजता.

काही जण चाचणीच टाळतात. संशोधक जॉन्सनचे १९५८ चे आकडे घ्यायचे (नुसतं 'काहीतरी आहे' कळायला लक्ष्याच्या लहान बाजूवर १ रेषाजोडी, म्हणजे एक काळी-एक पांढरी रेघ, नेमकं ओळखायला ६.४), पिक्सेल मोजायचे, किती अंतरावरून बोट ओळखू येईल ते काढून मोकळे. अरे, ते आकडे ५० टक्के यशाचे, तेही रणगाडे, जीप, सैनिक अशा लष्करी लक्ष्यांवरून काढलेले. रापणीच्या होडीला ते तसेच चिकटवू नका.

पहाटे आणि तिन्हीसांजेला बोटीचा पत्रा आणि पाणी यांचं तापमान जवळ आलं की बोट चित्रात विरघळते. आपल्याकडची दमट हवा उरलासुरला फरकही खाते. म्हणून चित्रागणिक वेळ, तापमान, आर्द्रता लिहा.

कॅमेऱ्याचा ऑटो कॉन्ट्रास्ट (चित्रागणिक काळं-पांढरं आपोआप बदलणारी सोय) बंद.

सरावाची चित्रं चाचणीत नकोत. आणि चष्मा विसरून आलेल्याला "चालेल रे" म्हणून बसवू नका.