गच्चीवर ग्रीलचा ओटा बांधण्याआधी

गच्चीवर किंवा मागच्या अंगणात ग्रीलचा, म्हणजे गॅसवर किंवा कोळशावर भाजायच्या शेगडीचा, पक्का ओटा बांधायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिली चक्कर ग्रीलच्या दुकानात होते. ती सगळ्यात शेवटी करा. आधी तीन गोष्टी कागदावर आणा: धूर कुठे जाणार, पाणी कुठे जाणार आणि गॅस गळलाच तर तो कुठे जाणार. ठाणे आणि नवी मुंबईत चार महिने पाऊस झोडपतो, खाडीचा खारा वारा असतो आणि शेजाऱ्याची खिडकी हाताच्या अंतरावर असते. इथे या तीन वाटांवरून ओट्याची जागा ठरते. परदेशी चित्रांतली लांबरुंद मांडणी पाहून जागा ठरवली, की पहिल्याच पावसाळ्यानंतर तोडफोड सुरू होते.

त्याआधी परवानगीचं बघून घ्या, कारण ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. इमारतीची गच्ची सोसायटीची असते, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची नाही. त्यामुळे तिथे पक्कं बांधकाम करायचा विचार सोडा आणि चाकांची ग्रील घ्या, तीही सोसायटीला विचारून. रो हाऊस किंवा बंगला असेल तर कागद काढून बसा. नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि बांधकामाची परवानगी महापालिका देते. घराभोवती सोडलेली मोकळी जागा आपली असली तरी ती मोकळीच ठेवायची असते. ओट्यावर कायमचं छप्पर घालायचं म्हटलं तर ते बांधकामात मोडतं. आर्किटेक्टकडून लेखी उत्तर घ्या. ‘करा हो, सगळेच करतात’ या तोंडी आश्वासनावर एक वीटही लावू नका.

जागा गच्चीवर असेल तर दुसरा माणूस बोलवायचा तो स्ट्रक्चरल इंजिनीअर. हे मी आग्रहाने सांगते, कारण वजनाचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. समजा ओटा १० फूट लांब आणि २ फूट खोल आहे. मागची भिंत आणि मधल्या चार आडभिंती मिळून १८ रनिंग फूट बांधकाम होतं. चार इंची विटांची अडीच फूट उंच भिंत रनिंग फुटाला साधारण ४४ किलो भरते, म्हणजे नुसत्या विटाच जवळपास ८०० किलो. त्यावर प्लॅस्टर, मग २० मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचे १०० किलो, मग ग्रील, सिंक आणि भोवती उभी राहिलेली माणसं. ज्या गच्चीवर ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास वापराचा भार धरतात. ओट्याखालच्या २० चौरस फुटांच्या वाट्याला त्यातले २८० किलो येतात. हा ढोबळ हिशेब आहे, खरा हिशेब इंजिनीअरच मांडेल. पण तो मांडून घ्यायलाच हवा हे एवढ्यावरून पटावं. तीच भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे सच्छिद्र, हलक्या सिमेंटच्या विटांची केली तर ८०० किलोंचे २५० होतात, आणि स्टेनलेस स्टीलची चौकट करून तिला सिमेंट बोर्ड मारला तर आणखी कमी. ओटा बीमच्या वर, कॉलमच्या जवळ येईल असं पाहा. पुढे काढलेल्या छज्ज्यावर तर अजिबात नको.

आता धूर. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, उदबत्तीचा पुडा पुरतो. तुम्ही प्रत्यक्ष ज्या वेळी भाजायला उभे राहणार, त्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातला, ठरवलेल्या जागी कमरेच्या उंचीवर उदबत्ती लावा आणि धुराची रेघ कुठे वळते ते बघा. कठड्याजवळ ती बऱ्याचदा सरळ जात नाही. वारा कठड्यावरून उतरतो आणि आतल्या बाजूला गोल फिरतो, त्यामुळे धूर भाजणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोन हात पुढे सरकून पुन्हा लावा. आठवड्यातल्या निरनिराळ्या दिवशी, आणि जमलं तर रात्री उशिराही लावून बघा. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे या काळात दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा बहुतेक वेळा पश्चिम-वायव्येकडून, समुद्राकडून येतो. हिवाळ्यातल्या रात्री तो मंदावून जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने यायला लागतो. संध्याकाळी जो धूर पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जात होता, तोच रात्री दहाला पश्चिमेच्या घराच्या बेडरूममध्ये शिरू शकतो. त्या घरात दम्याचं माणूस आहे का, कपडे कुठे वाळत घालतात, हे जाऊन विचारा. शेजाऱ्याला आधी विचारलेलं असलं की पुढची कितीतरी भांडणं टळतात.

वास्तूचं मानणारे आग्नेय कोपरा मागतात. पश्चिम-वायव्येचा वारा धरला तर आग्नेय कोपऱ्यातला धूर आपोआप घरापासून दूर जातो, म्हणजे त्या बाजूला कुणाची खिडकी नसेल तर दोन्ही गोष्टी जमून येतात. खिडकी असेल तर मात्र मी वाऱ्याचं ऐकायला सांगते. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं लागेल अशी मांडणी टाळा, एप्रिल-मेमधलं संध्याकाळचं ऊन डोळ्यांत जातं.

पाण्याची वाट ठरवताना बादलीभर पाणी गच्चीवर ओता आणि ढाळ कुठे आहे ते खडूने आखून ठेवा. ओटा त्या ढाळाला आडवा आला की त्याच्या मागे पाणी तुंबतं, आणि ठाण्यात पावसाळ्याचा सरासरी पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर आहे. ओटा ढाळाच्या दिशेने ठेवा, किंवा भिंतींच्या तळाशी पाणी जायला मोऱ्या सोडा. कोबा, म्हणजे गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, फोडू नका. गवंडी सहज म्हणतो की भिंत पक्की बसायला दोन इंच खाली जाऊ, पण त्या दोन इंचांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग असतं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल धरायला ती एक भेग पुरते. भिंती कोब्याच्या वरच उभ्या करा, जोडावर वॉटरप्रूफिंगची गोलाई फिरवून घ्या आणि फरशी बसण्याआधी गच्चीत दोन दिवस पाणी साठवून खाली गळती आहे का ते तपासा.

सिंकचं पाणी पावसाच्या पाइपात सोडायचं नाही. तेलकट खरकटं त्यात गेलं की पाइप चोंदतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं. सिंकला जाळी, खाली ट्रॅप आणि तिथून सांडपाण्याच्या लाइनपर्यंत ढाळ असलेला पाइप, एवढं जमत नसेल तर सिंकच नको. घासायची भांडी आत नेणं परवडतं. सिंक केलंच तर एक लक्षात ठेवा: महिनाभर वापरलं नाही तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, मग वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत राहा. गच्चीवरच्या नळाला दाब कमी येतो हेही आधीच तपासा, कारण टाकी नळाच्या डोक्यावर जेमतेम काही फुटांवर असते.

तिसरी वाट गॅसची, आणि हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नेरुळच्या एका रो हाऊसमध्ये देखणा ओटा पाहिला होता. काळा ग्रॅनाइट, स्टीलची दारं, आणि त्या दारांमागे चारी बाजूंनी टाइल लावून बंद केलेल्या कप्प्यात सिलिंडर. हवा जायला एक भोक नव्हतं, आणि कप्प्याच्या तळाशी नहाणी ट्रॅप होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो आणि खालच्या ट्रॅपमध्ये, नाल्यात उतरतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी, समोरासमोरच्या दोन बाजूंना, नेहमी उघडी राहतील अशी जाळीदार भोकं हवीत, आणि जवळपास ट्रॅप किंवा खड्डा नको. पाइपलाइनचा गॅस घेणार असाल तर हिशेब उलटा होतो. तो हवेपेक्षा हलका आहे, त्यामुळे भोकं वरच्या बाजूला लागतात. गॅस बदलायची शक्यता असेल तर दोन्हीकडे ठेवा. ग्रीलच्या पोटातली पोकळीसुद्धा अशीच हवेशीर हवी. सिलिंडर आणि ग्रील यांच्यामध्ये एक भिंत असलीच पाहिजे, सिलिंडर उभाच ठेवायचा आणि नळी आयएसआय मार्कची, तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्यायची. एलपीजीच्या आणि पाइप गॅसच्या ग्रीलचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असतात. घरातली पाइपलाइन वर न्यायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नाही. बंद करायचा कॉक असा ठेवा की ग्रीलवरून हात न नेता तो गाठता येईल.

या तीन वाटा कागदावर आल्या की खडू घेऊन जमिनीवर ओटा आखा, अगदी खऱ्या मापाने. ग्रीलच्या जागी खोका ठेवा. एका हाताला २ फूट मोकळा ओटा हवा, दुसऱ्या हाताला निदान १ फूट. कच्चं एका बाजूने येतं, शिजलेलं दुसऱ्या बाजूला उतरतं, आणि मॅरिनेट केलेल्या चिकनचं ताट शिजलेल्याच्या शेजारी टेकवायची पाळी येता कामा नये. समोर ४ फूट जागा ठेवा, म्हणजे मागून कुणी परात घेऊन गेलं तरी धक्का लागत नाही. मुलं पळतात ती वाट ग्रीलपुढून जात असेल तर ओटा हलवा, मुलं हलणार नाहीत. उंचीसाठी जो रोज भाजणार त्यालाच उभं करा: कोपर दुमडून त्याच्या चार बोटं खाली ओटा. ग्रीलचं झाकण उघडताना मागे किती जागा खातं ते माहितीपुस्तिकेत बघा, कारण बरीच झाकणं मागच्या भिंतीला अडतात. मग रिकामी ताटं, चिमटे, पाण्याचा जग घेऊन तासभर खोटं खोटं जेवण करा. स्वयंपाकघरातून किती खेपा होतात ते लगेच कळतं. बारा पायऱ्या चढून यायचं असेल तर वर एक झाकणाचा कोरडा कप्पा हवाच.

काय भाजणार हेही याच वेळी ठरवा. भरताची वांगी, कणसं, रताळी, बांगडे, पनीर यांना दोन-तीन बर्नरची ग्रील पुरेशी आहे. कोळशाची चव हवी असेल तर वेगळा खळगा करा, भट्टीच्या विटा आणि फायर क्लेमध्ये. साधं सिमेंट आणि ग्रॅनाइट थेट आचेला तडकतात. राख काढायला खालून दार ठेवा. गॅसच्या ग्रीलमध्ये कोळसा टाकायचा नाही. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायची हौस अनेकांना असते, पण तिचा जाळ गच्चीवर नको. मडक्याभोवती पेंढा पेटवायला मातीच हवी, त्यासाठी खाली अंगणात किंवा शेतावर जा.

सामानात पैसे वाचवायचे तर लांबी कमी करून वाचवा, दर्जा उतरवून नाही. खाडीकाठच्या हवेत २०२ ग्रेडचं स्टील एका पावसाळ्यात तांबूस ठिपके दाखवतं. निदान ३०४ घ्या. खाडीच्या अगदी तोंडावर घर असेल तर ३१६, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेला जास्त टिकतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो. क्वार्ट्झमधलं रेझिन उन्हाने पिवळं होतं. ग्रॅनाइटच घ्या, शक्यतो फिकट रंगाचा, कारण दुपारभर तापलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर हात टेकवत नाही. प्लायवूड आणि प्लास्टिकच्या पट्ट्या ग्रीलच्या आसपास कुठेही नकोत.

वीज थोडक्यात: गच्चीसाठी वेगळा एमसीबी (जास्त भार आला की बंद होणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा स्विच), झाकणाची पाणीरोधक सॉकेट आणि चांगलं अर्थिंग. दिवा डोक्यामागे नको, ग्रीलच्या वर बाजूला हवा, नाहीतर आपलीच सावली पडते आणि चिकन शिजलं की नाही ते दिसत नाही. ड्राय पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा, ग्रीलला लागून नाही. तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. येऊरच्या बाजूला घर असेल तर उरलेली हाडं, मासळी रात्रभर बाहेर ठेवू नका. कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

काम दिवाळीनंतर काढा. एप्रिलमध्ये सुरू केलं तर क्युरिंग, म्हणजे सिमेंटला पाणी मारून मुरवणं, घाईत उरकलं जातं. मेच्या अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कामं काढाल तेव्हा ग्रीलचीही करा: सिलिंडर खाली न्या, बर्नर आणि जाळ्या सुटतील तेवढ्या सोडवा, घासून, कोरड्या करून, तेलाचा हात फिरवून घरात ठेवा. वर आच्छादन घाला, पण खालून हवा खेळू द्या, गुंडाळून आवळलं की आत वाफ धरते. ऑक्टोबरमध्ये परत बसवताना बर्नरच्या नळ्यांत डोकावून पाहा. कुंभारमाशी तिथे हमखास मातीचं घर करते, कोळी जाळं विणतात. नळी अशी चोंदली की ज्योत पिवळी येते किंवा गॅस मागच्या मागे बाहेर पडून पेटतो. बारीक ब्रशने नळ्या साफ करा, मग गॅस सोडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. एक जरी बुडबुडा आला तरी कॉक बंद करा आणि तो जोड दुरुस्त होईपर्यंत काडी ओढू नका.