एनएसएसमध्ये नाव घातलंय? या चुका टाळा

एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, प्रमाणपत्र हवं तर दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पूर्ण करावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत पावसाळ्यात नावं धडाधड पडतात आणि दिवाळीनंतर बरीच मुलं गळतात. माझ्या मते बहुतेक वेळा घोळ वेळेचा असतो. तारखा कॉलेजच्या सोयीनं ठरतात, आणि वहाळ (ओढे), समुद्र किंवा एसटी काही त्या पाळत नाहीत.

वनराई बंधाऱ्याचंच बघा, म्हणजे माती-वाळूच्या गोणी रचून पाणी अडवायला घातलेला तात्पुरता बांध. शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत, आणि तोवर कित्येक वहाळ आटलेले असतात. आपल्या जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, पाऊस कितीही पडो. बंधारा घालायचा तो पावसाचा जोर ओसरल्यावर, पण वहाळ वाहता असतानाच. शिबिर पुढे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादा रविवार काढा आणि शिबिरात दुसरं काम धरा. घातलेला बंधारा गळतोय? आधी सांधे तपासा. वरची गोण खालच्या दोन गोणींच्या सांध्यावर बसायला हवी, फटीत चिकणमाती हवी. गोणी टम्म भरल्या तर नीट बसत नाहीत, थोड्या सैल ठेवूनच तोंडं शिवा. आणि जागा वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवा. सरपंचांचं पत्र मिळालं म्हणून ज्याच्या जमिनीला पाणी लागणार त्याची संमती मिळाली असं होत नाही.

किनारा साफ करायला दर रविवारी सकाळी आठची वेळ ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. गेल्या रविवारी आठला ओहोटी होती, तर या रविवारी त्याच सुमाराला भरती असणार. बंदरावरच्या कुणाही काकांना विचारा, तिथीवरून वेळ सांगतील. वाळूवर पसरलेली मर्यादवेल कचरा समजून उपटू नका, वाळू तीच धरून ठेवते. वाळत टाकलेल्या जाळ्यांना हात लावायच्या आधी मालक शोधा. गोळा केलेलं प्लास्टिक कोण नेणार हे ग्रामपंचायतीशी आधीच बोला, नाहीतर भरलेली पोती तिथेच राहतात आणि पुढच्या उधाणाला पुन्हा समुद्रात जातात.

वेळासला कासवांची पिल्लं सोडताना मदतीला गेलात तर मोबाईलचा फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, समुद्र सोडून तुमच्याकडेच वळतील.

लावणीच्या श्रमदानाला पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, बांधावरून रोपं पुरवा. नंतर ताप आला तर अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम केल्याचं सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका डॉक्टरांना लगेच यायला हवी.

शिमग्यात घरोघरचं सर्वेक्षण ठेवू नका. पालखी दारात असताना तुमचा फॉर्म कोण भरणार?

राहिला दिलेला शब्द पाळायचा प्रश्न. ग्रुपवर प्रत्येक कामाला ‘येतो’ लिहिणारा मुलगा शेवटी एकाही कामाला दिसत नाही, कारण घरी परतायची एसटी साडेपाचला सुटते. आपल्या वाडीजवळचं एकच काम घ्या, तेवढ्याला नेमानं जा, बाकीच्यांना सरळ ‘नाही जमणार’ म्हणा. आणि तासांची नोंद त्याच दिवशी डायरीत करून सही घ्या. परीक्षेच्या तोंडावर एकाच पेनानं भरलेली डायरी सरांना लांबूनही ओळखू येते.